एकेचाळीस ठिकाणी शून्य

माझा धाकटा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि घरात त्याला अजून भिंगरीच म्हणतात. नाव आईने ठेवलं, तो चालायला लागला त्याच आठवड्यात, आणि त्याने ते आजतागायत खोटं ठरू दिलेलं नाही. जेवताना हा माणूस दोनदा उठतो, एकदा मीठ आणायला आणि एकदा मीठ ठेवायला. फोनवर बोलत बोलत घर पालथं घालतो आणि बोलणं संपलं की विचारतो, मी या खोलीत कशाला आलो होतो? सोफा दर पंधरा दिवसांनी नव्या भिंतीला लागतो. सकाळची ड्युटी करून दुपारी मी दार उघडते आणि सोफ्यावर नडगी आपटते, तेव्हा मी जे काही बोलते ते शेजाऱ्यांना पाठ आहे. भावजयीने तर केव्हाच हात टेकले.

मी त्यांच्याकडेच राहते, मागच्या खोलीत. लग्न केलं नाही. एकोणतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. एवढी बाळं उचलली की स्वतःचं असावं असं कधी वाटलंच नाही, असं मी लोकांना सांगते आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे.

भिंगरी प्रोग्रॅम लिहितो. दवाखान्यांसाठी. बाळाचं वजन, वय आणि औषधाचं नाव घातलं की किती मिली द्यायचं ते सांगणारा जो भाग असतो, तो एकोणीस वर्षं त्याच्याकडे होता. आमच्या दवाखान्यातही तोच चालतो. त्यामुळे वॉर्डातली भांडणं आमच्या घरी येतात आणि घरातली वॉर्डात जातात. एखाद्या दिवशी स्क्रीन अडकला की मी घरी येऊन आधी त्याच्यावर तोंड सोडते आणि मग चपला काढते.

गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने ठरवलं, जुना प्रोग्रॅम मोडीत काढायचा आणि सगळा नव्या भाषेत, नव्या पद्धतीने लिहायचा. त्यासाठी एक नवी गटप्रमुख आणली. वय वर्षं अठ्ठावीस. पहिल्या दिवशी भिंगरी तिला मॅडम म्हणाला तो चिडवायला. ती नुसती हसली आणि तिने सगळ्यांना सांगून टाकलं की तीन महिन्यांत जो ही पद्धत शिकेल त्याच्याकडे त्याचा भाग राहील. जो शिकणार नाही त्याला मदतीच्या फोनवर बसवू. म्हणजे कानाला हेडफोन लावून दिवसभर एका खुर्चीत, बंद करून परत चालू करा, असं लोकांना सांगत. भिंगरीला खुर्चीत बांधून ठेवायचं म्हणजे त्यापेक्षा तुरुंग बरा. शिवाय या वयात दुसरीकडे कोण विचारतंय? डोसचा भाग त्याच्याकडे राहतो की जातो, एवढा एकच प्रश्न त्या दिवसापासून आमच्या घरात होता.

हा माणूस शिकतो ते दुसऱ्याला सांगून. आणि घरात त्याच्या तावडीत सापडणारी मी एकटी. भावजय त्याचा लॅपटॉप दिसला की भाजी आणायला जाते. मी दुपारी कपड्यांच्या घड्या घालत बसायचे आणि तो माझ्याभोवती फिरत सांगायचा.

पहिली गोष्ट त्याने सांगितली ती अशी, की या पद्धतीत काही बदलायचं नाही. एका नावात एकदा जी किंमत ठेवली ती ठेवली. नवी किंमत हवी असेल तर नवं नाव घ्या, जुन्याला हात लावू नका. मी हातातली चादर टाकून हसत सुटले. जगातला एकच माणूस, जो पंधरा दिवसांत सोफा हलवला नाही तर आजारी पडतो, आणि नेमकं त्याला सांगितलंय की काही हलवायचं नाही. त्यालाही हसू आलं, पण वरवरचं. एकोणीस वर्षं तो एकाच रकान्यात बेरीज करत आला होता. एका टोकाकडून सुरू करायचं, प्रत्येक औषधापाशी थांबायचं, आकडा वाढवायचा, पुढे जायचं. आता म्हणे फिरायचंच नाही. एका औषधाचं काम करणारं एक छोटं फंक्शन लिहायचं आणि सगळी यादी त्याच्या हवाली करायची. त्या फंक्शनला तेच दिलं तर ते नेहमी तेच उत्तर देणार, आणि जाता जाता दुसऱ्या कशाला हात लावणार नाही. मी म्हटलं, म्हणजे चांगली नर्स. यावर तो चक्क मिनिटभर थांबला आणि ते वहीत लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट होती कंपायलर. प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधी तो अथपासून इतिपर्यंत वाचून काढणारा हा एक वेगळा प्रोग्रॅम. या नव्या भाषेत तो फार कडक. प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी सांगायचा. किलो म्हणजे किलो, मिली म्हणजे मिली, दोन्ही नुसते आकडे आहेत म्हणून एकमेकांत मिसळून चालणार नाही. मिसळलं की खाली लाल ओळ. आमच्या मेट्रनबाई सकाळच्या फेरीत चादरीचा कोपरा उचलून बघतात, तसाच हा.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पेटी. असेलही आणि नसेलही अशी कुठलीही गोष्ट, समजा बाळाचं वजन, या भाषेत सरळ वापरता येत नाही. ती एका पेटीत घालून मिळते. पेटी उघडायच्या आधी तुम्ही सांगायचं, की ती रिकामी निघाली तर काय करणार. ते सांगितल्याशिवाय कंपायलर हलू देत नाही. यावर भिंगरी महिनाभर वैतागला. अंगाचा तिळपापड म्हणतात तो मी रोज बघत होते. चालायला लागला की डावीकडून उजवीकडे, लॅपटॉप एका हातावर उघडा, आणि पुटपुट, रिकामी निघाली तर, रिकामी निघाली तर. अरे, कशाला रिकामी निघेल? दोन दिवस त्याने नोकरी सोडायची भाषा केली. मग भावजय रडली आणि ती भाषा बंद झाली.

दुसऱ्या महिन्यात मात्र चित्र पालटलं. एके दुपारी मी घरात शिरले तर हा गुणगुणत होता. आज एकही लाल ओळ नाही, म्हणाला. युक्ती सापडली होती. पेटी रिकामी असली तर शून्य धर, असं सांगितलं की कंपायलर गप्प बसतो. दोन शब्द लिहायचे, बस. मी म्हटलं, बरं झालं बाबा, सुटलास. त्याच्यासाठी चहा टाकला. एकोणतीस वर्षं नर्स असलेल्या बाईने हे ऐकलं आणि चहा टाकला, हे सांगताना मला आजही लाज वाटते. पण मला तेव्हा बाळं दिसत नव्हती, मला तो खुर्चीत हेडफोन लावून बसलेला दिसत होता.

तीन महिन्यांनी आमच्या दवाखान्यात चाचणी लागली. खरी बाळं नव्हेत, कागदावरची. गटप्रमुखबाईंनी मला सांगितलं होतं की तुमच्याकडे रोज येतात तशी बारा बाळं लिहून द्या. मी लिहिली. सातवं बाळ तातडीने आणलेलं, नळ्या लावलेलं, काट्यावर ठेवता येत नाही असं. आमच्या वॉर्डात केसपेपरवर रकाना रिकामा सोडायचा नाही, हा मेट्रनबाईंचा नियम. वजन नसेल तर रेघ मारायची, कारण लिहायचं, खाली सही. मी तशी रेघ मारली.

बैठकीच्या खोलीत चौघी नर्सेस बसलो. माझ्या शेजारी सहा महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी. सातव्या बाळाशी आली, औषध निवडलं, स्क्रीनवर आलं, डोस शून्य मिली, आणि शेजारी हिरवी खूण. तिने कागदावर लिहिलं, या बाळाला औषध नाही, आणि आठव्याकडे वळली. तिची काय चूक? मशीन सांगतंय, खूण हिरवी आहे.  ते बाळ जंतुसंसर्गाचं होतं. त्याला पहिल्या तासात औषध गेलं नाही तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदाच नव्हे.

चाचणीच्या फॉर्मवर एक रकाना होता, काय चुकलं ते लिहा. खोटं कशाला बोलू, माझा हात थांबला. भिंगरी काचेपलीकडे व्हरांड्यात येरझारा घालत होता. मी लिहिलं. वजन नसताना शून्य डोस दाखवतो, हिरव्या खुणेसह, अत्यंत धोकादायक. खाली सही केली.

गटप्रमुखबाईंनी तिथेच त्याचा कोड उघडला आणि ते दोन शब्द शोधले. एकेचाळीस ठिकाणी निघाले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की कंपायलर तुम्हाला एकेचाळीस वेळा प्रश्न विचारत होता आणि तुम्ही प्रत्येक वेळी त्याचं तोंड दाबलंत. मग मुदत दिली. पुढच्या सोमवारी याच खोलीत बैठक. तोवर एकेचाळीस शून्यं काढायची, आणि प्रत्येक ठिकाणी, माहिती नसेल तर खरोखर काय करतात ते वॉर्डाला विचारून लिहायचं, कोणी सांगितलं त्या नावानिशी. एक जरी राहिलं तरी डोस दुसऱ्याकडे.

घरी तो माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी सोफा दोनदा हलला. शेवटी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मला घरी सांगितलं असतंस तर?"

"घरी सांगितलं असतं तर घरीच राहिलं असतं," मी म्हणाले.

तो गेला. मला वाईट वाटलं, पण इतकंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिलं शून्य काढलं आणि सतरा लाल ओळी उगवल्या. ती शून्यं एकमेकांना धरून उभी होती. एक काढलं की त्याच्या पुढचं फंक्शन विचारणार, आता माझ्याकडे काय येणार? ते सांगावं तर त्याच्या पुढचं. संध्याकाळपर्यंत लाल ओळी दोनशेवर गेल्या. भिंगरीचा जीव टांगणीला लागला होता, पण एक गोष्ट त्याने बरी केली. उत्तरं मनाने लिहिली नाहीत. वही घेऊन तो वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला आणि येईल त्याला अडवून विचारायला लागला.

मूत्रपिंडाचा रिपोर्ट आला नसेल तर? डॉक्टर म्हणाले, पहिला डोस नेहमीचा द्यायचा, दुसऱ्याच्या आधी रिपोर्ट हवाच. जन्माची वेळ माहीत नसेल तर? बाळ एक दिवसाचं आहे असं धरायचं, कारण तसं धरलं तर डोस कमी बसतो. आईला कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे हे विचारलंच नसेल तर? काहीही द्यायचं नाही, आधी जाऊन विचारायचं. औषधवाटप करणाऱ्या फार्मसिस्टने त्याला अर्धा तास बसवून घेतलं आणि तो बसला, हे मला तिने मुद्दाम येऊन सांगितलं. घरी आला की तो मला पकडायचा. त्याला एकदम दिसायला लागलं होतं की नसणं हे एकाच प्रकारचं नसतं. अजून न आलेलं वेगळं, न विचारलेलं वेगळं, कधीच कळणार नाही ते वेगळं. प्रत्येकाचा त्याने वेगळा प्रकार केला, त्याला नाव दिलं, आणि मग कंपायलर उलटा त्याच्या बाजूने झाला. एखादी शक्यता राहिली की तोच सांगायचा, ही राहिली. आधी ज्याला शिव्या घालत होता त्याला आता हा म्हणत होता, बघ ना, विचारतोय बिचारा.

शुक्रवारी चाळीस झाली. उरलं एक.

ते असं होतं. सहा वर्षांपूर्वी आमचा काटा कॉम्प्युटरला जोडला. काट्यावर बाळ ठेवलं की वजन आपोआप येतं, आणि त्याच्याबरोबर वजनाची वेळही येते. वजन हाताने टाइप केलं तर वेळ रिकामी राहते. जुन्या नोंदी भिंगरीला नावं काढून दिल्या होत्या. त्यात त्याला दिसलं की आमच्या वॉर्डात दर नऊ बाळांमागे एकाचं वजन आहे पण वेळ नाही. ही वजनं येतात कुठून? त्याने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वजन नर्स घेतात. फार्मसिस्ट म्हणाली, मी डॉक्टरांची सही बघते. मेट्रनबाई म्हणाल्या, काट्यावर ठेवल्याशिवाय आमच्याकडे वजन लिहीतच नाहीत, असं होत नाही म्हणून लिहा आणि खाली माझं नाव घाला.

झालं. एकेचाळीसावं उत्तरही मिळालं, नावानिशी. लिहून टाकलं असतं तर कंपायलरने काय, कोणीच हूं की चूं केलं नसतं. डोस त्याच्याकडे राहिला असता. शनिवारी दिवसभर तो जेवणाच्या टेबलाभोवती फिरत होता. असं होत नाही कसं लिहू, नोंदीत तर होतंय. लिहून टाक, भावजय म्हणाली. कोणाला कळणार आहे? लिहिलं तर ते बेचाळीसावं शून्य, तो म्हणाला.

मी समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि ती वजनं कुठून येतात ते मला माहीत होतं.

ती माझी होती. तातडीचं बाळ येतं तेव्हा सगळं दोन मिनिटांत व्हायला लागतं. नळ्या असतात, काट्यावर ठेवता येत नाही. डॉक्टर विचारतात, वजन? स्क्रीनवरचा चौकोन वजन भरल्याशिवाय लाल राहतो आणि पुढे सरकू देत नाही. तो चौकोन भिंगरीनेच केलेला, एकोणीस वर्षांपूर्वीचा. मग मी बाळाला नळ्यांसकट दोन्ही हातांवर अलगद घेते आणि सांगते, दोन सहाशे. कोणीतरी टाइप करतं. नंतर बाळ सावरलं की काट्यावर ठेवतात, आणि माझा आकडा पन्नास-साठ ग्रॅमच्या पलीकडे चुकत नाही. सिस्टरचे हात म्हणजे काटा, असं एका मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते वाक्य मी किती जणांना ऐकवलंय, मोजदाद नाही. अंदाज घेणं गुन्हा नाही, बाळ वाचवायला तो घ्यावाच लागतो. पण तो अंदाज आहे असं मी कधी कुठे लिहिलं नाही. कागदावरच्या बाळाला नियमाप्रमाणे रेघ मारली, खऱ्या बाळांना नाही.

शनिवारी मी त्याला सांगितलं नाही. रविवारीही नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, मेट्रनबाईंचा स्वभाव मला ठाऊक, आणि खरं सांगायचं तर माझे हात मला फार प्यारे होते. रविवारी दुपारी तो माझ्या खोलीत डोकावला. म्हणाला, ताई, एक राहिलं. मी म्हटलं, बघ काही सुचतंय का. आणि कूस बदलली. माझ्याइतकी लबाड बाई त्या घरात दुसरी नव्हती.

सोमवारी सकाळी अकराला आम्ही बसलो. गटप्रमुखबाई, मेट्रनबाई, डॉक्टर, भिंगरी आणि चाचणीतली नर्स म्हणून मी. त्याने चाळीस ठिकाणं एकेक करून दाखवली. डॉक्टर माना डोलावत होते. सातवं बाळ परत घातलं तर स्क्रीनने डोस दाखवलाच नाही, वजन का नाही ते विचारलं. मग तो थांबला.

"एकेचाळीसावं राहिलंय," तो म्हणाला. "मला सांगितलंय, असं होत नाही. ते मी लिहिणार नाही."

मेट्रनबाईंचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या की माझ्या शब्दावर यांचा विश्वास नसेल तर मग बोलणंच खुंटलं. गटप्रमुखबाईंनी भिंगरीकडे पाहिलं. त्यांनाही ते जड गेलं असावं. एक जरी राहिलं तर काय ते ठरलंय, एवढं म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटायला घेतला. आणि भिंगरी, जो देवाच्या दारातही गप्प उभा राहत नाही, तो टेबलावर हात ठेवून नुसता बसून राहिला. एक पाय हलला नाही त्याचा. मला ते बघवलं नाही.

"ती वजनं मी सांगते," मी म्हणाले. "हातात घेऊन."

 डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं? मी म्हटलं, काटा जोडला तेव्हापासूनच नव्हे, त्याच्या आधीपासून. मेट्रनबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांच्या ताटात थुंकले होते. त्या म्हणाल्या, लेखी द्यावं लागेल. मी म्हटलं, देते. पुढचं सगळं ऐकू आलं, पण एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल चाललंय असं वाटत होतं. मेमो, खुलासा, आठ दिवसांची मुदत.

भिंगरीने आभार मानले नाहीत. त्याने पेन उचललं आणि वॉर्डातल्या सगळ्यांना विचारत होता तसंच मला विचारलं.

"अंदाज किती चुकतो?"

तोंडावर आलं होतं, पन्नास-साठ ग्रॅम. पण त्याने कोणी सांगितलं ते नावानिशी लिहायचं होतं, आणि ते बाळांच्या डोसात जाणार होतं. मी कधी मोजलं होतं? जमलं ते लक्षात राहिलं, एवढंच.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने ते लिहून घेतलं. वजन दोन प्रकारचं, काट्यावरचं आणि अंदाजाचं, अंदाज कोणाचा त्या सहीसकट. अंदाजाचं असेल तर डोस कमीत कमी, आणि तासाभरात काट्यावर ठेवा, तोवर दुसरा डोस नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मान्य केलं. गटप्रमुखबाईंनी ओळी चालवून बघितल्या, एकही लाल नव्हती, आणि त्या म्हणाल्या की डोस तुमच्याकडेच राहील. आठ दिवस ज्या वाक्यासाठी घर ताटकळत होतं ते वाक्य असं पटकन येऊन गेलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

बैठक उठली. व्हरांड्यातल्या बाकावर मी टेकले. तो लॅपटॉप घेऊन शेजारी आला. मी म्हटलं, तुझ्या नोंदींत दोन्ही आहेत ना? हाताने घातलेलं वजन आणि त्याच बाळाचं नंतरचं काट्यावरचं? तर मग वजाबाकी करून दाखव. तो नको म्हणाला. मी म्हटलं, दाखव. त्याने तीन ओळी लिहिल्या, यादी त्यांच्या हवाली केली, आणि आकडे आले. दोनशे बारा बाळं. बहुतेक शंभर ग्रॅमच्या आत. अकरा बाळं तीनशेच्या वर. सगळ्यांत मोठा फरक चारशे ऐंशी. मी दोन किलो चारशे सांगितलं होतं आणि नऊ तासांनी काट्यावर ते बाळ एक नऊशे वीस भरलं. मधल्या वेळात त्याला दोन डोस गेले होते, दोन्ही पाव पटीने जास्त.

तारीख विचारली. तारखेला मी ड्युटीवर होते, मला पक्कं आठवतं, कारण त्याच दिवशी वॉर्डाचे नवे पडदे लागले. पडदे आठवले. ते बाळ आठवलं नाही. खूप प्रयत्न केला.

"बरं होऊन घरी गेलं असणार गं ते," भिंगरी घाईघाईने म्हणाला.

"बघितलंस, की अंदाजाने सांगतोस?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, बघितलं नाही.

"मग बघ."

त्याने ती नोंद उघडली. मी चष्मा लावला आणि दोघांनी मिळून वाचलं. तिसऱ्या दिवशी बाळाला दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. कारणाच्या जागी आमच्याच डॉक्टरांच्या न लागणाऱ्या अक्षरातल्या चिठ्ठीचा फोटो चिकटवलेला होता. पुढे नोंद नव्हती.   मग मी त्याला ती नोंद कागदावर छापून द्यायला सांगितली. मेमोचा खुलासा लिहायचा होता, आणि त्यात ती जोडायची होती.